घटक ६ : ‘सांबार’ या शब्दाची व्युत्पत्ती : लोकसमज आणि भाषिक पुरावा

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला लोकव्युत्पत्ती म्हणजे काय हे उदाहरणासह सांगता येईल. एखाद्या शब्दाच्या मुळाविषयी दोन परस्परविरोधी मते समोर आली, तर ती ध्वनी, अर्थ, काळ आणि भूगोल या अंगांनी पारखता येतील. तसेच बोलीतील शब्दाला ‘अशुद्ध’ ठरवण्यापूर्वी कोणती चौकशी करावी, हेही लक्षात येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, या घटकाचा विषय मला ग्रंथालयात सुचला नाही. तो भाजीच्या गाडीपाशी सुचला.

मी मुळशी तालुक्यातील महाळुंगे येथे राहतो. मुळा नदीकाठचे हे गाव एके काळी शेतीचे होते. शेजारच्या हिंजवडीत माहिती-तंत्रज्ञानाच्या कंपन्या आल्या, गावात उंच इमारती उभ्या राहिल्या आणि महाराष्ट्राच्या सगळ्या भागांतील माणसे येथे राहावयास आली. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातून आलेली माझी एक विद्यार्थिनी आहे. ती नोकरदारांना डबे पुरवते आणि उरलेल्या वेळात आपल्यासारखाच बी. ए.चा अभ्यास करते. एका सायंकाळी ती भाजीवाल्याला विचारत होती, “दादा, सांबार आहे का?” भाजीवाला म्हणाला, “सांबार समोरच्या हॉटेलात मिळेल, ताई.” आजूबाजूचे दोघे-तिघे हसले. तिने मुकाट्याने कोथिंबिरीच्या जुडीकडे बोट दाखवले.

पुढच्या संपर्कसत्रात तिने मला विचारले, “सर, आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात, ते चुकीचंच आहे ना? सांबार तर संभाजी महाराजांच्या नावावरून आलं आहे.” एका वाक्यात तिने दोन विधाने केली होती. स्वतःचा शब्द चूक, आणि ऐकलेली कथा बरोबर. ही दोन्ही विधाने तपासणे हे या घटकाचे काम आहे.

येथे एक कबुली दिली पाहिजे. अध्यापनाच्या पहिल्या वर्षांत एका वऱ्हाडी विद्यार्थ्याच्या निबंधातील ‘सांबार’ या शब्दाखाली मी स्वतः लाल रेघ ओढली होती आणि समासात ‘कोथिंबीर’ असे लिहिले होते. मी तेव्हा कोश उघडला नव्हता.

६.३ तंजावरची कथा

कथा थोडक्यात अशी सांगितली जाते. छत्रपती संभाजी महाराज आपल्या चुलतभावाला, तंजावरच्या शहाजीराजांना भेटावयास गेले. राजांना आमटी करावयाची होती. पण तेथे आमसूल नव्हते. तेव्हा स्थानिक चिंच वापरली गेली, मुगाच्या जागी तुरीची डाळ आली आणि नवाच पदार्थ तयार झाला. पाहुण्याच्या सन्मानार्थ त्याला ‘संभा-आहार’, म्हणजेच ‘सांबार’, असे नाव मिळाले. काही जण स्वयंपाकघरात स्वतः शहाजीराजांना उभे करतात, काही त्यांच्या आचाऱ्याला.

कथेची पार्श्वभूमी खरी आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी (एकोजी) यांनी १६७६च्या सुमारास तंजावर येथे भोसल्यांचे राज्य स्थापिले आणि ते १८५५पर्यंत टिकले. व्यंकोजींचे पुत्र शहाजीराजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते. ते स्वतः साहित्यिक होते. त्यांनी तेलुगू यक्षगाने आणि मराठी नाटकेही लिहिली. मराठी नाटकाच्या इतिहासाचा अभ्यास करताना तंजावरची नाटके आपण पाहिलीच असतील. अशा रसिक राजाच्या मुदपाकखान्यात एक नवा पदार्थ जन्मावा, हे मनाला सहज पटते. लोकव्युत्पत्ती नेहमी अशीच असते. ती खोट्या जमिनीवर उगवत नाही. खऱ्या जमिनीवर उगवते आणि म्हणून उपटण्यास अवघड जाते.

लोकव्युत्पत्ती म्हणजे अपारदर्शक झालेल्या शब्दाला बोलणाऱ्यांनी आपल्या ओळखीच्या शब्दांच्या साहाय्याने लावलेला अर्थ. ‘सांबार’ या शब्दाचे घटक आजच्या भाषकाला दिसत नाहीत. ‘संभाजी’ हे नाव मात्र प्रत्येकाच्या परिचयाचे आणि आदराचे आहे. उच्चारातील साम्य दिसले की मन दोन्ही जोडून टाकते.

मात्र व्यक्तीच्या नावावरून पदार्थाचे नाव येऊच शकत नाही, असे म्हणून ही कथा निकालात काढू नये. ‘हापूस’ हे आंब्याचे नाव ‘अफोंसु’ या पोर्तुगीज व्यक्तिनामापासून आले आहे. आफूस, हाफूस अशी मधली रूपे गुजरातीत आजही ऐकू येतात. तेव्हा कथा शक्य आहे का, एवढ्यावर आपण थांबणार नाही. तिच्यामागे पुरावा आहे का, हे पाहू.

६.४ ध्वनींची साक्ष

कथेच्या विरुद्ध बाजूला उभा आहे तो ‘संभार’ हा संस्कृत शब्द. ‘सम् + भृ’, म्हणजे एकत्र आणणे, यापासून तो बनला. अर्थ : जमवलेले साहित्य, सामग्री. यज्ञाला लागणाऱ्या सामग्रीस ‘संभार’ म्हणत. मराठीत ‘केशसंभार’, ‘ग्रंथसंभार’ या शब्दांत तो आजही जिवंत आहे.

‘संभार’चे ‘सांबार’ होण्यासाठी दोन बदल घडावे लागतात. एक, अनुस्वारापूर्वीचा ऱ्हस्व ‘अ’ दीर्घ होणे. दोन, ‘भ’मधील महाप्राण जाऊन ‘ब’ उरणे. मराठीच्या इतिहासात हे दोन्ही बदल परिचित आहेत. ‘लंब’चे ‘लांब’ झाले, ‘दंत’चे ‘दांत’ आणि पुढे ‘दात’ झाले. ‘हस्त’पासून प्राकृतात ‘हत्थ’ आणि मराठीत ‘हात’. ‘भिक्षा’पासून ‘भिक्खा’ आणि ‘भीक’. दोन्ही बदल एकाच शब्दात पाहावयाचे असतील तर घरातील खांब पाहावा : स्तंभ – खंभ – खांब. ‘सांभाळणे’ या क्रियापदात ‘सं’चा ‘सां’ झालेला दिसतो, पण ‘भ’ टिकून आहे. विदर्भात ‘सांबार’प्रमाणेच ‘सांभार’ असाही उच्चार ऐकू येतो, तो नेमका या मधल्या पायरीवरचा आहे.

आता कथेच्या बाजूलाही न्याय केला पाहिजे. ‘संभा-आहार’चा संकोच होऊन ‘संभार’ होणे ध्वनिदृष्ट्या अशक्य नाही. ‘फलाहार’ या शब्दाचे ‘फळार’ आणि वर्णविपर्ययाने ‘फराळ’ झाले, हे दिवाळीत आपण खातच असतो. म्हणजे ‘आहार’चा ‘आर’ होऊ शकतो. केवळ ध्वनींवर निकाल द्यावयाचा तर वाद अनिर्णित राहील. पुष्कळ हौशी व्युत्पत्तिकार येथेच थांबतात. दोन शब्द कानाला सारखे लागले की त्यांचे समाधान होते.

परंतु शब्द घडवण्याची भाषेची रीतही विचारात घ्यावी लागते. थोर पुरुषाच्या नावावरून वस्तूला नाव देताना सतराव्या-अठराव्या शतकातील मराठी कशी वागत असे? शिवाजी महाराजांच्या तांब्याच्या नाण्याला ‘शिवराई’ म्हणत. राजवटींना आदिलशाही, निजामशाही अशी नावे होती. ‘-ई’, ‘-आई’, ‘-शाही’ हे प्रत्यय त्यासाठी हाताशी होते. व्यक्तीच्या नावातील आदराचा ‘जी’ टाकून, उरलेल्या भागाला ‘आहार’ हा काहीसा वैद्यकी वळणाचा शब्द जोडून भाजी-आमटीचे नाव करण्याची चाल मराठीत आढळत नाही. त्यातही छत्रपतींचा सन्मान करावयाचा आणि त्यांचे नाव ‘संभा’ असे एकेरी घ्यावयाचे, हे तंजावरच्या दरबारात कसे शोभले असते?

स्वयंअध्ययन प्रश्न : ‘स्तंभ’ – ‘खांब’ आणि ‘संभार’ – ‘सांबार’ या दोन जोड्यांतील समान ध्वनिबदल आपल्या शब्दांत लिहा. उत्तर लिहिल्यानंतरच पुढे वाचा.

६.५ अर्थाचा प्रवास

‘सामग्री’ या अर्थाचा शब्द ताटातील पदार्थापर्यंत पोचला कसा? येथे ‘मसाला’ हा शब्द मार्गदर्शक ठरतो. तो अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. अरबी ‘मसालिह’चा रोख गरजेच्या वस्तू, साहित्य याकडे आहे. ‘साहित्य’ म्हणता म्हणता ‘स्वयंपाकाचे साहित्य’ आणि अखेर ‘तिखटमिठाचे साहित्य’ असा त्याचा अर्थ आक्रसत गेला. ‘संभार’ अगदी याच वाटेने गेला. दोन वेगळ्या कुळांतील शब्द एकाच कारणाने एकाच अर्थाला पोचावेत, हा अर्थविचारातील फार बोलका नमुना आहे. यास आपण अर्थसंकोच म्हणतो.

पुढे हा अर्थ ठिकठिकाणी वेगवेगळ्या वस्तूंवर स्थिरावला. विदर्भात तो ताज्या मसाल्यावर, म्हणजे कोथिंबिरीवर, जाऊन बसला. नागपूरकडची सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीचे सारण भरलेली वडी. तिच्यात डाळही नाही आणि चिंचेचा रस्साही नाही. मालवणी मुलखात काळ्या वाटाण्याचे सांबार करतात. ते भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणाचे असते आणि आंबोळीबरोबर खाल्ले जाते. तुरीच्या डाळीशी त्याचा काही संबंध नाही. गुजरातीत ‘संभार’ हा लोणच्याचा मसाला आणि ‘संभारो’ ही कोबी-गाजर-मिरची परतून केलेली तोंडीलावणी. पारशी स्वयंपाकात सांभार मसाला आहे. केरळात तर ‘संभारम्’ म्हणजे आले, मिरची, कढीपत्ता घातलेले ताक.

कोथिंबीर, वाटाण्याचा रस्सा, लोणच्याचा मसाला, मसाल्याचे ताक आणि तुरीच्या डाळीचे कालवण या पाच वस्तूंत समान काय आहे? चिंच नाही, डाळ नाही, तंजावर नाही. समान आहे तो मसाला. तंजावरची कथा फार तर यांतील एका पदार्थाचे नाव उलगडते. इतर चारांविषयी तिला काही सांगता येत नाही. ‘संभार’ या मुळापासून पाचही उलगडतात. व्युत्पत्तीच्या दोन पर्यायांतून निवड करताना जो पर्याय अधिक माहितीचा उलगडा कमी गृहीतकांत करतो तो स्वीकारावा, ही आपल्या शास्त्रातील जुनी शिस्त आहे.

म्हणजे माझ्या विद्यार्थिनीने ज्या शब्दाची लाज बाळगली, तो या खटल्यातील सर्वांत महत्त्वाचा साक्षीदार निघाला. पुण्याकडच्या मराठीत ‘मसाला’ हा शब्द रुजला आणि त्याने ‘सांबार’ला बाजूला सारले. पुढे हॉटेलांबरोबर तोच शब्द दक्षिणेतून पदार्थाचे नाव म्हणून परत आला आणि आपण त्याला पाहुणा समजलो. मध्यवर्ती प्रदेशात नवे शब्द लवकर शिरतात. कडेच्या प्रदेशांत जुने शब्द टिकतात. विदर्भ, मालवण, गुजरात, केरळ ही सारी या नकाशाची कड आहे. वऱ्हाडी माणूस कोथिंबिरीला सांबार म्हणतो तेव्हा तो प्रमाण शब्द चुकवत नसतो. प्रमाण भाषेने गमावलेला अर्थ त्याने आपल्या परीने जपलेला असतो.

ती लाल रेघ मला आता पुसता येत नाही. निबंधाची वही आणि विद्यार्थी, दोघेही कधीच दूर गेले.

६.६ काळाचा पुरावा

संभाजी महाराज १६८१मध्ये छत्रपती झाले आणि ११ मार्च १६८९ रोजी औरंगजेबाने त्यांची हत्या केली. शहाजीराजे गादीवर आले १६८४मध्ये. म्हणजे दोघे राजे एकाच वेळी राज्य करत होते अशी वर्षे जेमतेम पाच. त्याच वर्षांत औरंगजेब दक्षिणेत तळ देऊन होता. १६८६मध्ये विजापूर आणि १६८७मध्ये गोवळकोंडा त्याने घेतले. अशा धामधुमीत तंजावरला पाहुणचाराची पंगत झाली असेल, तर ती सांगणाऱ्याने समकालीन कागद दाखवला पाहिजे. कथा सांगणारे तो दाखवत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक निर्णायक आहे. तमिळमध्ये ‘संबारम्’ हा शब्द मसाल्याचे जिन्नस या अर्थाने मराठे तंजावरला पोचण्याच्या आधीपासून आहे. सोळाव्या शतकातील तमिळ शिलालेखात मंदिराच्या नैवेद्यासाठी लागणाऱ्या भाज्या आणि भात यांच्या जोडीने त्याची नोंद आढळते. ज्या शब्दाची नोंद दगडावर आधीच झाली आहे, त्याचा जन्म सुमारे दीडशे वर्षांनंतरच्या मेजवानीत होऊ शकत नाही.

शब्द आणि पदार्थ यांचे वय मात्र वेगळे असू शकते, हे विसरू नये. सांबाराच्या जोडीला येणाऱ्या इडलीकडे पाहा. ‘वड्डाराधने’ या दहाव्या शतकातील कन्नड ग्रंथात ‘इड्डलिगे’ आहे; चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात ‘इडरिका’ आणि ‘धोसक’ आहेत, आपल्या मांड्यांचे पूर्वज ‘मंडक’ही आहेत. त्या इडरिकेत आजच्यासारखे तांदूळ नव्हते. ती उडदाची होती. नाव टिकले, पदार्थ बदलला. सांबाराच्या बाबतीत नाव एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर गेले. चिंच घातलेले आंबट कालवण दक्षिणेत मराठ्यांच्या आधीही होते. कन्नडमध्ये त्यास ‘हुळि’ म्हणतात आणि ‘हुळि’ म्हणजेच आंबट. आपल्या ‘आमटी’चेही ‘आंबट’शी नाते उघड आहे. डाळीच्या कालवणाला कोणी आंबटपणावरून नाव दिले, कोणी मसाल्यावरून.

६.७ पुन्हा तंजावरकडे

मग तंजावरच्या मराठी माणसांचा या शब्दाशी काहीच संबंध नाही का? या टप्प्यावर माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते अनुमान आहे हे ध्यानात ठेवून वाचावे.

तमिळमध्ये दोन रूपे शेजारी-शेजारी दिसतात : मसाल्यासाठी ‘संबारम्’ आणि कालवणासाठी ‘सांबार्’. संस्कृतातून तमिळमध्ये गेलेल्या अशा नामांना सामान्यतः ‘अम्’ हा अंत्य मिळतो. ‘नगर’चे ‘नगरम्’ होते, तसे ‘संभार’चे ‘संबारम्’ झाले. हा सरळ मार्ग आहे. कालवणाच्या नावात मात्र ‘अम्’ नाही आणि पहिला स्वर दीर्घ आहे. ‘सं’चा ‘सां’ होणे ही तर मराठीची खूण, जी आपण ‘लांब’ आणि ‘खांब’ यांत पाहिली. (‘भ’च्या जागी ‘ब’ असणे येथे पुरावा म्हणून वापरता येत नाही, तमिळ लिपीत महाप्राणांसाठी स्वतंत्र अक्षरच नाही.) तेव्हा मसाल्याचा शब्द संस्कृतातून आणि कालवणाचे नाव मराठी बोलणाऱ्यांच्या तोंडून, अशा दोन वेगळ्या फेऱ्यांत हा एकच शब्द तमिळमध्ये गेला असावा, असे रूपांवरून वाटते. सुमारे १८० वर्षे तेथे मराठी राज्य होते. बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३चा विस्तीर्ण मराठी शिलालेख आहे, सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते आहेत आणि तंजावरी मराठी बोलणारी कुटुंबे तमिळनाडूत आजही आहेत. इतक्या दीर्घ सहवासात स्वयंपाकघरातील एखादा शब्द शेजारणीकडे गेला, तर त्यासाठी राजाच्या मेजवानीची गरज पडत नाही. अशी देवघेव आचारी, बाजारातील वाणी आणि घराघरांतील बायका करतात, आणि तिची बखर कोणी लिहीत नाही.

हे अनुमान पक्के करावयाचे तर कागद हवेत. तंजावरच्या दरबाराशी संबंधित रघुनाथ गणेश नवहस्त यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘भोजनकुतूहल’ हा पाकशास्त्रविषयक संस्कृत ग्रंथ लिहिला. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील परशुराम कृष्ण गोडे यांनी त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. पदार्थांची नावे कोणत्या काळी कोणत्या रूपात होती, हे अशा ग्रंथांतून ठरते. त्यातील एका ओळीचे वजन शंभर रंजक कथांपेक्षा अधिक असते.

संपर्कसत्रात हे सारे मांडल्यावर मागच्या बाकावरील एक विद्यार्थी नाराज झाला. “सर, म्हणजे महाराजांचं नाव त्यात नाही?” असे त्याने विचारले. नाही, असे मी म्हणालो. संभाजी महाराजांचे मोठेपण एका कालवणावर अवलंबून नाही, हेही म्हणालो. तो मानेने हो म्हणाला. पण त्याला पटले, असे मला वाटले नाही. यवतमाळची विद्यार्थिनी वहीत काहीतरी लिहीत होती. आता तिच्या डब्याच्या यादीवर दर गुरुवारी ‘सांबारवडी’ असे लिहिलेले असते. कंसात ‘कोथिंबीर’ लिहिण्याचे तिने सोडले आहे.

६.८ स्वाध्याय

१. ‘सांबार’च्या दोन्ही व्युत्पत्ती ध्वनी, अर्थ, काळ आणि भूगोल या चार अंगांनी तपासा. कोणत्या अंगाने तंजावरची कथा टिकते आणि कोणत्या अंगाने ती ढासळते, ते सुमारे ३०० शब्दांत लिहा.

२. ‘शिखरिणी’ हे दही-साखरेच्या एका जुन्या पदार्थाचे संस्कृत नाव. ‘शिकरण’ हा शब्द त्यापासून आला असे मानतात. आज शिकरण म्हणजे दूध-केळे. येथे नाव टिकले की पदार्थ, याची चर्चा करा.

३. ‘महाळुंगे’ हे ग्रामनाम ‘म्हाळुंग’ या फळाच्या नावाशी जुळते. ‘म्हाळुंग’ हा शब्द संस्कृत ‘मातुलुंग’पासून आला आहे. केवळ रूप जुळते म्हणून ही व्युत्पत्ती स्वीकारावी का? ती सिद्ध करण्यासाठी कोणते कागद पाहावे लागतील, त्यांची नावे सुचवा.

४. उपक्रम : आपल्या घरी किंवा गावी वापरात असलेला, पण शाळेत चूक ठरवला गेलेला स्वयंपाकघरातील एक शब्द निवडा. तो वापरणाऱ्या तीन व्यक्तींचे वय, तालुका आणि त्यांनी सांगितलेला अर्थ टिपा. नावे लिहू नका. नंतर तो शब्द मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती, १८५७), दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ आणि कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ यांत शोधा. शब्द कोशात सापडला नाही तरी उपक्रम सादर करा; अशा नोंदी वेगळ्या कागदावर लिहून संपर्कसत्राला सोबत आणा.